चाचणीचा खर्च कुणी केला?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलो, तेच तेच बोललो, ते काढलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग जरा लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो, कारण विषयच तसा आहे. मी ज्या कंपनीत नोकरी करतो तिच्या गिऱ्हाइकांमध्ये शेतीची औषधं विकणारी एक कंपनी आहे. त्या कामावर मी नाही, कधी नव्हतो. पण पगार शेवटी एकाच खात्यातून येतो. तर आज मी जे बोलणार आहे त्यात कुठे मी हात आखडता घेतलाय असं वाटलं, तर मला विचारा. आणि कुठे उगाच जास्त जोर लावलाय असं वाटलं, तरी विचारा.

आता हे जे मी केलं, म्हणजे बोलायच्या आधी आपला कुठे पैशाचा संबंध आहे ते सांगणं, याला इंग्रजीत कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट जाहीर करणं म्हणतात. मराठीत हितसंबंधांचा संघर्ष. पेपरात हा शब्द आपण बहुतेक क्रिकेटमुळे वाचलाय. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की बीसीसीआयचा पदाधिकारी आयपीएलच्या संघाचा मालक असू शकत नाही. तेव्हा सगळ्या देशाला ते पटकन कळलं. पंच आणि खेळाडू एकाच घरातले नकोत, एवढं कुणालाही कळतं. मग विद्यापीठातल्या संशोधकाच्या बाबतीत तेच आपल्याला का कळत नाही, किंवा आपण विचारतच का नाही, हा आजचा विषय.

दोन गोष्टी घरच्या सांगतो. पहिली मामाची.

मामाची सांगोला तालुक्यात डाळिंबाची बाग होती. होती म्हणतोय. सहाशेच्या आसपास झाडं. सांगोल्याचं डाळिंब म्हणजे काय हे सोलापूरकरांना सांगायला नको, २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मामानं गल्लीत पेढे वाटले होते. पण त्याआधीही तेल्या होताच, मर होतीच, आणि मग २०२१ च्या सुमारास त्या पिन होल बोअररनं, म्हणजे खोडात बारीक भोकं पाडणाऱ्या किडीनं, तालुक्यात बागाच्या बागा वाळवल्या. त्या वर्षी मामानं एक जैविक औषध आणलं, आळवणीचं. महाग होतं. कृषी सेवा केंद्रात उधारी केली. मी विचारलं, "मामा, हेच का?" तर त्यानं घडी केलेलं एक माहितीपत्रक दाखवलं. होम मैदानावर कृषी प्रदर्शन भरतं ना, सिद्धेश्वरच्या यात्रेच्या वेळी, तिथल्या स्टॉलवर मिळालेलं. त्याच्यावर खाली हिरव्या अक्षरात छापलं होतं, कृषी विद्यापीठात यशस्वी चाचणी.

मामा म्हणाला, "आरं विद्यापीठाचा कागद हाय की रं. कंपनी खोटं बोलंल, विद्यापीठ कशाला बोलंल?"

हे वाक्य लक्षात ठेवा.

बाग गेली. औषधानं गेली असं मी अजिबात म्हणत नाही. शेजाऱ्यांच्याही गेल्या, ज्यांनी ते वापरलं नाही त्यांच्याही गेल्या. कदाचित औषध चांगलंच असेल, रोगच भारी असेल. माझा प्रश्न एवढाच की मामाला हे ठरवायला काय साधन होतं? त्याच्या हातात एक ओळ होती, आणि त्या ओळीमागं काय होतं ते त्याला बघायची सोय नव्हती.

मी ठरवलं की आपण बघू. माहिती अधिकारात अर्ज टाकला. चाचणी किती हंगाम झाली, किती ठिकाणी, कोणत्या वाणावर, निकाल काय, आणि खर्च कुणी केला. पाच साधे प्रश्न. उत्तर आलं की ही माहिती त्रयस्थ पक्षाची व्यावसायिक गुप्त माहिती आहे, कलम ८(१)(ड) खाली देता येत नाही. अपील करायला तीस दिवस असतात. त्या महिन्यात ऑफिसात आमचं रिलीज होतं, रात्री दोन-दोनपर्यंत बसत होतो, आणि तारीख गेली. चूक माझी. मामाला अजून सांगितलेलं नाही.

आता दुसरी गोष्ट, ती माझीच आहे, आणि ती सांगायला जरा जड जातंय.

बीटेकच्या शेवटच्या वर्षी आमचा चौघांचा प्रकल्प होता. जमिनीतला ओलावा मोजून ठिबकचा व्हॉल्व आपोआप चालू-बंद करायचा. एका कंपनीनं ओलावा मोजणारे पाच सेन्सर आम्हाला फुकट दिले. आमचे मार्गदर्शक सर चांगले होते, हे खरंच सांगतो, रात्री फोन केला तरी उचलायचे. सहा आठवडे रीडिंग घेतली. आता आपली काळी जमीन कशी असते, वाळली की भेगाळते. भेग पडली की सेन्सर आणि माती यांच्यात हवा येते, आणि रीडिंग भलतंच दाखवतं. पाचातल्या दोन सेन्सरचं तसंच झालं. जमीन ओली असताना कोरडी दाखवायला लागले. म्हणजे व्हॉल्व चालूच राहणार, पाणी वाया.

आम्ही त्याचा तक्ता केला होता. चौथ्या प्रकरणातला तिसरा तक्ता. सरांनी अहवाल वाचला आणि म्हणाले, हा तक्ता कशाला, परीक्षक उगाच फाटे फोडतील, तीन सेन्सरचंच दाखवा. आम्ही काढला. मी स्वतः काढला, माझ्या लॅपटॉपवर. डिलीट दाबायला काय लागतं?

नंतर कळलं की सर त्या कंपनीचे सल्लागार होते, मानधन घेऊन. आणि नंतर कशाला, मला तेव्हाच एक गोष्ट माहीत होती. त्या कंपनीनं आमच्यातल्या दोघांना इंटर्नशिप द्यायचं कबूल केलं होतं. त्यातला एक मी होतो. मी ती केली. तिच्या जोरावर पहिली नोकरी लागली.

सरांनी मला खोटं लिहायला सांगितलं नाही. कंपनीनं कुणाला पाकीट दिलं नाही. कंपनीला तर तो तक्ता होता हेही माहीत नव्हतं. म्हणूनच सांगतोय. आपल्या डोक्यात भ्रष्टाचार म्हणजे टेबलाखालून पैसे. इथे टेबलाखाली काहीच नव्हतं. चार चांगली माणसं होती, त्यातल्या दोघा-तिघांना एका बाजूनं निकाल लागला तर थोडं बरं होणार होतं, आणि एक तक्ता गेला. कुणालाच चोरी केल्यासारखं वाटलं नाही.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हे गृहीतच धरतो. मी लिहिलेला कोड मी स्वतः मंजूर करू शकत नाही. दुसऱ्या कुणीतरी बघूनच तो मुख्य शाखेत जातो. मी चोर आहे म्हणून हा नियम केलेला नाही. मी माझ्याच कोडकडे आईच्या डोळ्यांनी बघतो, म्हणून केलाय. विद्यापीठात मात्र अशी अपेक्षा असते की पीएचडी झाली की माणसाला आईचे डोळे राहत नाहीत.

बरं, आता मोठ्या गोष्टीकडे येतो. ती जालना, नागपूर आणि दिल्ली अशी फिरते.

बीटी वांगं आठवतंय? जालन्याची महिको, म्हणजे बद्रीनारायण बारवालेंनी १९६४ मध्ये सुरू केलेली बियाण्यांची कंपनी. बीटी कापूस तिनंच मोन्सँटोबरोबर आणला, त्याला २००२ मध्ये परवानगी मिळाली. मग वांग्यात तोच प्रयोग, शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी. हे तंत्रज्ञान महिकोनं धारवाडच्या आणि कोइमतूरच्या कृषी विद्यापीठांना फुकट दिलं, त्यांनी आपापल्या भागातल्या वाणांत ते घालायचं. म्हणजे सार्वजनिक विद्यापीठं त्या वांग्याची भागीदार झाली.

त्याच्या सुरक्षिततेची माहिती लोकांसमोर यावी म्हणून ग्रीनपीसच्या एका कार्यकर्तीनं २००६ मध्ये माहिती अधिकारात अर्ज केला. उत्तर काय आलं असेल? बरोबर. मला आलं तेच. पण ती माझ्यासारखी तारीख विसरली नाही. केंद्रीय माहिती आयोगापर्यंत गेली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि २००८ मध्ये ती सगळी माहिती सरकारला वेबसाइटवर टाकावी लागली. दोन वर्षं लागली. आणि ती कशाची माहिती होती? आपण रोज भरीत करून खातो त्या वांग्याची.

ऑक्टोबर २००९ मध्ये जीईएसी या केंद्राच्या समितीनं बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला. (तेव्हा या समितीच्या नावातच 'अप्रूव्हल' होतं. २०१० मध्ये ते बदलून 'अप्रेझल' केलं. मंजुरी समितीची मूल्यमापन समिती झाली. नाव बदलायला सुद्धा वांगं लागलं.) तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यातली एक आपल्या नागपूरला झाली. आणि ९ फेब्रुवारी २०१० ला त्यांनी स्थगिती दिली. पण ते एकट्याचा निर्णय ठेवून थांबले नाहीत. देशातल्या सहा मोठ्या विज्ञान अकादमींना त्यांनी विचारलं, तुम्ही सगळे मिळून जीएम पिकांवर मत द्या.

कल्पना अगदी बरोबर होती. मी लिहिलेला कोड दुसऱ्यानं बघावा, तसंच. सहा अकादमी, देशातले सगळ्यात मोठे शास्त्रज्ञ.

सप्टेंबर २०१० मध्ये अहवाल आला. बीटी वांग्याला मर्यादित स्वरूपात परवानगी द्यावी असं त्यात होतं. आणि मग पत्रकारांच्या लक्षात आलं की त्यातला बराचसा मजकूर, साठेक ओळी, शब्दशः दुसरीकडून उचललाय. मूळ लेख जैवतंत्रज्ञान विभागाच्या एका पत्रिकेत आला होता. लेखक होते पी. आनंद कुमार, दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जैवतंत्रज्ञान संशोधन केंद्राचे प्रमुख. त्यांचा गट स्वतःचं वेगळं बीटी वांगं तयार करत होता. महिकोचं नाही, सरकारी संस्थेचं. आणि ते तंत्रज्ञान बियाणे कंपन्यांना परवान्यावर दिलेलं होतं. त्यातली एक कंपनी जालन्याचीच, बेजो शीतल.

बघा म्हणजे काय झालं. बीटी वांगं बाजारात यावं की नाही हे ठरवायला सहा अकादमींना बसवलं, आणि त्यांच्या अहवालात बीटी वांगं बनवणाऱ्याच शास्त्रज्ञाचा मजकूर नाव न देता आला. आमच्या भाषेत, ज्यानं कोड लिहिला त्याचंच म्हणणं रिव्ह्यूअरनं कॉपी-पेस्ट करून आपल्या सहीनं दिलं.

आनंद कुमारांनी काही चुकीचं केलं असं नाही. त्यांनी आपलं मत आपल्या नावानं लिहिलं होतं, ज्याला त्यांचं काम माहीत होतं त्याला लगेच कळलं असतं की हा माणूस कुठे उभा राहून बोलतोय. त्या ओळी अहवालात गेल्या तेव्हा त्यांच्यावरचं नाव गळालं, आणि नावाबरोबर तो संबंधही गळाला. मामाच्या माहितीपत्रकावर जे झालं तेच.

रमेश अहवालावर नाराज झाले, ते त्यांनी उघड बोलून दाखवलं. अकादमींनी चूक मान्य केली आणि डिसेंबरमध्ये सुधारित अहवाल दिला. संदर्भ जोडले. शिफारस मात्र तीच राहिली. आणि सगळी चर्चा झाली ती मजकूर चोरल्याची! चोरी पकडायला सोपी असते. आज तर यूजीसीचे २०१८ चे नियमच आहेत, प्रबंध सॉफ्टवेअरमधून काढायचा, दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, पुढे शिक्षा. प्रत्येक पीएचडीवाल्याला तो आकडा पाठ आहे. पण या प्रबंधाला पैसा कुठून आला, मार्गदर्शक कुणाचे सल्लागार आहेत, हे कोणतं सॉफ्टवेअर सांगणार? माझा चौथ्या प्रकरणातला तिसरा तक्ता शून्य टक्के साम्य दाखवून पास झाला असता. कारण तो नव्हताच.

आता काही श्रोते म्हणतील, हा जीएमविरोधी दिसतोय. नाही. बांगलादेशानं २०१३ मध्ये महिकोच्याच तंत्रज्ञानाच्या बीटी वांग्याला परवानगी दिली, तिथले शेतकरी ते लावतात. मला वांग्याबद्दल मत द्यायचं नाही, तेवढं मला कळत नाही. आणि दुसऱ्या बाजूलाही हेच आहे हे सांगायलाच हवं. ती माहिती २००८ मध्ये खुली झाली तेव्हा तिच्यावर टीका करणारा एक मोठा अभ्यास फ्रान्समधल्या कॉं विद्यापीठाच्या सेरालिनी यांनी केला. तो करून घेतला होता ग्रीनपीसनं. याच सेरालिनींचा उंदरांवरचा २०१२ चा गाजलेला लेख पुढच्या वर्षी त्या नियतकालिकानं मागे घेतला. विरोधकाचा पैसा पवित्र आणि कंपनीचा तेवढा अपवित्र, असं काही नसतं.

पण मग सगळेच सारखे, सोडून द्या, असंही नाही. कारण हे मोजता येतं. २०१६ मध्ये फ्रान्सच्याच गियोमो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीटी पिकांवरचे ६७२ शोधनिबंध तपासले. पीक अळीला किती आवरतं आणि हा गुण किती वर्षं टिकतो, यावरचे. त्यातल्या ४० टक्के निबंधांत कुठे ना कुठे कंपनीशी पैशाचा किंवा नोकरीचा संबंध होता. आणि जिथे तो होता, तिथे कंपनीला सोयीचा निष्कर्ष निघण्याचं प्रमाण ५० टक्क्यांनी जास्त होतं. यावरून कोण खोटं बोललं हे सिद्ध होत नाही, लेखकांनीही तसं म्हटलेलं नाही. कदाचित कंपनी आधीच सोयीचा प्रश्न निवडत असेल. पण कापसाच्या शेतकऱ्याला याच्याशी काय देणंघेणं? गुण किती वर्षं टिकतो हा तर त्याच्या जिवाचा प्रश्न. गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईना, २०१७ मध्ये महाराष्ट्रात कापूस गेला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर मेले. त्या मृत्यूंचं एकच कारण नाही, हे मला माहीत आहे. पण फवारे वाढायला बोंडअळी कारण होती, आणि बीटी आल्यावर फवारे कमी होतील हेच तर सांगितलं होतं.

साखरेचं एक पटकन सांगतो, कारण आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. १९६७ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी एक मोठा आढावा लिहिला, हृदयविकाराला साखरेपेक्षा चरबीच कारणीभूत आहे असा रोख होता. त्यासाठी अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेनं त्यांना ६५०० डॉलर दिले होते, २०१६ च्या हिशेबात ५० हजार डॉलरच्या आसपास. लेखात त्याचा उल्लेख नाही. तेव्हा तसा नियमही नव्हता. हे बाहेर आलं २०१६ मध्ये, क्रिस्टिन कर्न्स नावाच्या एका दंतवैद्य संशोधिकेनं जुन्या पत्रव्यवहारात शोधून काढलं तेव्हा. एकोणपन्नास वर्षांनी. माझी आजी तेलाला हात आखडायची आणि चहात तीन चमचे साखर घालायची. डॉक्टरांनीच सांगितलं होतं तेल कमी करा म्हणून.

आता मामाच्या माहितीपत्रकाकडे परत येतो, कारण त्या ओळीमागं काय चालतं ते मी नंतर थोडं वाचलं, थोडं ओळखीच्या लोकांना विचारलं.

कीटकनाशक विकायचं तर १९६८ च्या कायद्याखाली केंद्रात नोंदणी लागते. औषध किडीवर चालतं का, याच्या चाचण्यांची माहिती कंपनीनं द्यायची. या चाचण्या बऱ्याचदा कृषी विद्यापीठांच्या शेतांवर होतात. आणि त्यांचा खर्च, शुल्क धरून, कंपनी भरते. हे सगळं उघड आहे, कायदेशीर आहे, विद्यापीठाच्या खात्यात पावतीनं पैसे येतात. आणि खरं सांगायचं तर दुसरं कोण भरणार? तुमच्या-माझ्या करातून एखाद्या खाजगी कंपनीच्या औषधाची चाचणी का करायची? हाही रास्तच प्रश्न आहे.

घोळ दुसरीकडे आहे. शास्त्रज्ञाला माहीत असतं की निकाल बरा आला तर पुढच्या हंगामात कंपनी पुन्हा येईल, प्रयोगशाळेत नवं यंत्र येईल, कंत्राटी पोरांचे पगार निघतील. वाईट आला तर ती दुसऱ्या विद्यापीठात जाईल. परीक्षेची फी विद्यार्थी भरतो, पण परीक्षक विद्यार्थ्यानं निवडायचा नसतो ना? इथे बहुतेक वेळा परीक्षक कुठला हे ज्याची परीक्षा तोच ठरवतो. आणि नापास झालेल्या चाचण्यांचं माहितीपत्रक कुणी छापत नाही. पाच ठिकाणी चाचणी केली, दोन ठिकाणी औषध चाललं, तर छापायला 'यशस्वी चाचणी' ही ओळ खरीच आहे. माझे तीन सेन्सरही खरेच होते.

एका ओळखीच्या शास्त्रज्ञांना मी हे बोलून दाखवलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "अहो, तुम्हाला वाटतं आम्हाला कळत नाही? पण वर्षाला सरकारकडून मजुरी आणि वीजबिलापुरते पैसे येतात. कंपनीचं काम घेतलं नाही तर शेतात गवत उगवेल." मला त्यावर उत्तर सुचलं नाही.

आणि इथे मला आपल्या सोलापूरची एक गोष्ट आठवते. इथलं कोरडवाहू शेती संशोधन केंद्र १९३३ पासूनचं आहे. आणि मोहोळला, त्याच दशकात, शेतकऱ्यांच्याच गावरान ज्वारीतून निवड करून एक वाण काढलं, मालदांडी ३५-१. आज जी भाकरी आपण 'मालदांडीची आहे हं' म्हणून पाहुण्याला वाढतो, ती. नव्वदेक वर्षं झाली, अजून पेरतात. तिच्यावर कुणाचा परवाना नाही, शेतकरी घरचं बी ठेवतो. त्या निवडीमागं सगळा सरकारी, म्हणजे लोकांचा पैसा होता. आज एखाद्या कंपनीला मालदांडीवर संशोधन करायला सांगून बघा. जे बी एकदा घेतलं की पुन्हा दुकानात यावं लागत नाही, त्याच्यावर ती पैसा का घालेल? कंपनीची चूक नाही, तिचा तो धंदा नाही. पण विद्यापीठानंही कंपनीच्या पैशावरच चालायचं ठरवलं, तर विद्यापीठही मालदांडीकडे बघणार नाही. म्हणजे खोटा निष्कर्ष ही एक गोष्ट झाली. जो प्रश्न कुणी विचारलाच नाही तो तर कुठेच सापडत नाही, माहिती अधिकारातही नाही.

नियमांच्या बाजूनं थोडं काही हललंय. जीएम मोहरीच्या खटल्यात जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचं मोहरीवर एकमत झालं नाही. पण राष्ट्रीय धोरण करा आणि तज्ज्ञ निवडताना त्यांचे हितसंबंध जाहीर करून घ्या, यावर दोघांचं एकमत होतं. त्या वर्षाच्या अखेरीस केंद्रानं जीईएसीच्या सदस्यांनी आपले हितसंबंध जाहीर करावेत अशा नियमांचा मसुदा काढला. वांग्यापासून मोजलं तर चौदा-पंधरा वर्षं.

पण तो नियम दिल्लीतल्या समितीचा. सांगोल्यातल्या कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर तो येत नाही. जाहीर केलेला हितसंबंध इंग्रजी शोधनिबंधाच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात असतो. मामापर्यंत पोचते ती फक्त हिरवी ओळ. माझी मागणी फार छोटी आहे. जिथे विद्यापीठाचं नाव छापायचं, तिथेच, तेवढ्याच अक्षरात, चाचणीचं वर्ष, ठिकाण, वाण आणि 'खर्च कंपनीनं केला' एवढं छापा. आणि झालेल्या सगळ्या चाचण्या, पास आणि नापास, विद्यापीठानं आपल्या वेबसाइटवर मराठीत टाकाव्यात. हे करायला काय लागतं ते मला माहीत आहे, माझं कामच ते आहे. दोन माणसं, तीन आठवडे. मी फुकट करून द्यायला तयार आहे, हे मागेही बोललो होतो, अजून कुणाचा फोन आलेला नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज मी गेल्या आठवड्यात पुन्हा टाकलाय. या वेळी प्रश्न पाचच्या ऐवजी दोनच ठेवलेत, किती हंगाम आणि खर्च कुणाचा. अपिलाची तारीख फोनमध्ये लावून ठेवलीय, आणि मामालाही सांगणार आहे, म्हणजे तो आठवण करील.

आणि हो, जुना लॅपटॉप दिवाळीत साफ करताना प्रकल्पाचं फोल्डर सापडलं. तक्ता अंतिम अहवालातून काढला होता, पण त्याआधीच्या फाइलमध्ये आहे. सहा आठवड्यांची रीडिंग, पाचही सेन्सरची. कंपनीचं नाव काढून तो या भागाखाली टाकतोय. काळ्या जमिनीत कुणी असलं काही बसवणार असाल, तर दुसऱ्या आणि पाचव्या सेन्सरचे चौथ्या आठवड्यानंतरचे आकडे बघा.

प्रश्न असतील तर नेहमीच्या पत्त्यावर लिहा. पुढच्या भागात मामालाच माइकसमोर बसवायचा विचार आहे. तो हो म्हणाला तर.